काकूंचा ट्रक आणि फाटकं चित्र

काकू गेल्या त्या दिवशी मापकाकांना काही कळलं नाही. म्हणजे तसं सगळं कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, काकांनी मान हलवली, लागतील तिथे सह्या केल्या, मुलीला फोन केला, रडणाऱ्या मेहुण्याला पाणी दिलं. पण आत काही पोचलं नाही. ते पोचलं पुढे बऱ्याच दिवसांनी, एका साध्या दुपारी, रस्त्यावरचा हॉर्न वाजेनासा झालाय हे लक्षात आलं तेव्हा.

आता हा हॉर्न आधी समजून घ्यायला हवा. मापकाका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना मापकाका म्हणत. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा काका वेळ मोजू लागले. चहा ठरल्या वेळी, आंघोळ ठरल्या वेळी. जेवणाचं तर असं की काटा जागेवर आला की काका ताटासमोर. ताटात काही असो वा नसो. जेवण झालं की बाहेरच्या खोलीत आडवं व्हायचं आणि तोंडावर वर्तमानपत्र घ्यायचं. काकू आतल्या खोलीचं दार लोटून घेत. त्याही झोपतात अशी काकांची समजूत. आणि इकडे डोळा लागतो न लागतो तोच कुठूनतरी अवजड ट्रकचा हॉर्न वाजायचा. भोंऽऽ. वर्षानुवर्षं. एक दिवस खाडा नाही.

काकांनी सोसायटीच्या अध्यक्षांकडे तक्रार केली. अध्यक्ष समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत आणि त्यांना पत्रव्यवहाराची मनापासून आवड होती. त्यांनी वाहतूक शाखेला स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली आणि फाटकाजवळ पाटी लावली: ‘शांतता राखा. हॉर्न वाजवू नका.’ तक्रारीवर काकूंनीही सही केली होती. पाटीची अक्षरं जरा मोठी हवी होती, असंही त्या म्हणाल्या होत्या.

तर त्या दुपारी काका पोटभर झोप होऊन उठले. पाटीने एकदाचं काम केलं असं वाटून समोर गेले.

“अध्यक्ष, अभिनंदन,” काका म्हणाले. “हॉर्न बंद झाला बरं का!”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे समोरच्या वहिनींनी, हातातलं काम बाजूला ठेवलं.

“काका, तो हॉर्न काकूंचा होता.”

“कोणाचा?”

“काकूंचा. त्या ट्रक चालवायच्या ना. कॉम्प्युटरवर. तुम्ही झोपलात की.”

काका घरी आले. आतल्या खोलीत मुलीचा जुना कॉम्प्युटर होता. ती लग्न करून दुसऱ्या शहरात गेली तेव्हा मागे राहिलेला. त्यावर काकूंनी विणलेलं झाकण होतं. काकांनी झाकण काढलं आणि समोरच्या खुर्चीत बसले. खुर्चीवरची उशी काकूंच्या बसण्याने एका अंगाला दबलेली होती. काकू गेल्या हे काकांना तेव्हा कळलं. नंतर समोरच्या वहिनींनी आपल्याकडचा रेडिओ बराच वेळ मोठा करून ठेवला होता, एवढंच सांगतो.

डोळे पुसून काकांनी मुलीला फोन लावला.

“तुला माहीत होतं?”

“बाबा, सगळ्यांना माहीत होतं.”

“मामाला?”

“मामाला तर आई शिकवत होती. त्याला अजून रिव्हर्स जमत नाही. आई काय रिव्हर्स घ्यायची बाबा! एवढा लांब ट्रक, पण लोण्यातून सुरी जावी तसा गोदामाच्या दाराला लावायची.”

“मग मला कोणी का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही शेजारी बसून तिचा वेग मोजला असतात.”

हे अगदी खरं होतं, म्हणून काका रागावले. पण खेळ सुरू कसा करायचा ते त्यांनी विचारून घेतलं.

पडद्यावर एक पेट्रोल पंप आला. पंपाच्या कडेला एक निळा ट्रक उभा होता. काकूंनी शेवटच्या दिवशी लावून ठेवलेला, तस्साच. मागे खिडक्यांच्या काचांचा माल होता. कोपऱ्यात लिहिलं होतं, मालाचं नुकसान: शून्य. गोदाम तिथून फार लांब नव्हतं. काकू उद्या उठून पोचवणार असतील.

“मुदत असते का गं मालाला?”

“असते. पण तो ट्रक बंद असला की मुदतही थांबते. त्यामुळे अजून आहे वेळ.”

काकूंनी हातात घेतलेलं काम कधी अर्धवट सोडलं नव्हतं. हे एवढं सुटलं होतं. काकांनी तिथल्या तिथे ठरवलं, हा माल आपण पोचवायचा. आणि नुकसान शून्य ते शून्यच राहिलं पाहिजे.

“पण आईच्या ट्रकला लगेच हात लावू नका,” मुलगी म्हणाली. “आधी वेगळ्या ट्रकवर शिका. मी काढून देते.”

तिने लांबूनच काहीतरी करून एक लाल ट्रक काढून दिला. काकांनी बाणाचं बटण दाबलं. ट्रक निघाला, वेग आला, आणि चित्र फाटलं.

फाटलं म्हणजे सरळ आडवं फाटलं. वरचं अर्धं चित्र पुढे, खालचं अर्धं मागे. रस्त्याकडेचे विजेचे खांब कमरेत मोडायचे आणि पुढे जाऊन पुन्हा जुळायचे. ज्या माणसाने केसभर झुकलेला तराजू जप्त केला त्याच्या डोळ्यांदेखत हे चाललेलं.

पण खरा अपमान पुढे होता. काचेखाली, स्टिअरिंगच्या पलीकडे, एक बाहुला डुलत होता. टकला, चष्मेवाला, ओठ आवळलेला. तो प्रत्येक खड्ड्याला मान डोलावून होकार देत होता. आणि फाटण्याची रेघ नेमकी त्याच्या मानेवर यायची. वळण आलं की धड जागेवर आणि डोकं शेजारी.

“हा कोण?” काकांनी विचारलं.

पलीकडून मुलगी म्हणाली, “आईने तिच्या प्रत्येक गाडीत बसवलाय तो. खेळाच्या दुकानात ढीगभर बाहुले होते. आईने शोधून शोधून हाच घेतला.”

“आणि हे डोकं असं उडतं ते तिलाही दिसायचं?”

“दिसायचं तर! तिला फार आवडायचं ते. म्हणायची, एकदा तरी यांचं डोकं जागचं हललं.”

माल पोचवण्याआधी चित्र सांधायचं, हे काकांनी तिथेच ठरवलं. फाटक्या चित्रात काचेचा ट्रक चालवणं म्हणजे आपल्या हाताने काचा फोडणं. आणि शिवाय डोकं. डोक्याचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

बिल्डिंगमध्ये बातमी जायला वेळ लागला नाही. आमच्याकडे माणूस आजारी पडला तर लोक जरा विचार करून येतात; यंत्र बिघडलं तर धावत येतात. अध्यक्षांनी कॉम्प्युटरभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि अर्थिंग नसल्याचं जाहीर केलं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त वायरमन म्हणाले, विजेचा दाब वरखाली होतोय, स्टॅबिलायझर बसवा. बसवला. तो दिवसभर घुं घुं करू लागला. चित्र फाटतच राहिलं. फक्त आता ते एकसारख्या दाबाने फाटू लागलं. मेहुणा येऊन म्हणाला, “दाजी, टेबलच तिरकं आहे,” आणि त्याने एका पायाखाली पुठ्ठा घातला. त्यामुळे चहाचा कप घसरून काकांच्या मांडीवर आला. एवढाच फरक.

वहिनींचं म्हणणं पडलं, दोष चित्राचा नसून काकांच्या डोळ्यांचा असेल. काका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

“काय त्रास होतोय?”

“वरचं अर्धं आणि खालचं अर्धं जुळत नाही.”

डॉक्टर सावध झाले. “माणसंही अशीच दिसतात?”

“नाही. फक्त ट्रक. आणि खांब.”

“कधीपासून?”

“बायको गेल्यापासून.”

डॉक्टरांनी पेन हळूच खाली ठेवलं. मग आवाज अगदी मऊ करून विचारलं, “घरी कोणी असतं का बोलायला?”

“एक बाहुला आहे,” काका म्हणाले. “पण त्याचंच डोकं उडालंय.”

डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर दिला नाही. रोज फिरायला जा आणि माणसांत मिसळा, असं सांगून दारापर्यंत सोडायला आले. डॉक्टर दारापर्यंत सोडायला येतात हे काकांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, निवृत्त अधिकाऱ्याचा मान ठेवला.

अखेर मुलीने फोनवर सांगितलं, “बाबा, खेळाच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक म्हणून आहे, त्यावर टिक करा.” काकांनी केली. आणि चित्र जुळलं! खांब सरळ, डोकं मानेवर. काकांनी वायरमनना हाक मारून स्टॅबिलायझर परत न्यायला सांगितला. पण लाल ट्रक पहिल्या वळणाला आला आणि घोटाळा कळला. चाक आत्ता वळवलं तर ट्रक जरा वेळाने वळायचा. अर्ज आज, निर्णय यथावकाश. खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाने हे ओळखायला हवं होतं. ओळखेपर्यंत ट्रक नदीत होता. मात्र नदीत पडतानाही चित्र अखंड होतं, हे काकांनी मुलीला आवर्जून सांगितलं.

“तसं नाही चालायचं मग,” मुलगी म्हणाली. “मॉनिटरच बदलावा लागेल. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवाला घ्या.”

“ते काय असतं?”

“हे बघा. कॉम्प्युटरमधलं कार्ड चित्रं करतं आणि पडद्याला देतं. कधी चित्र पटकन होतं, कधी वेळ लागतो. पडदा मात्र घड्याळावर चालतो. त्याची वेळ झाली की तो समोर असेल ते उचलतो. म्हणून अर्धं आधीचं, अर्धं नंतरचं.”

“मग पडद्याने जरा थांबायला काय होतं?”

“तेच तर म्हणते मी! वाढणारी तिच्या वेगाने वाढतेय, आणि जेवणारा घड्याळाकडे बघून घास घेतोय. आता असं कोण करतं, सांगा बघू?”

काकांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं.

“व्ही-सिंक म्हणजे वाढणारीलाच हात धरून थांबवायचं. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे जेवणारा घड्याळ बघायचं सोडून देतो. ताटात पडेल तेव्हा जेवतो. जुन्या पडद्यांना नाही जमत ते. स्वभाव असतो एकेकाचा.”

“तू पडद्याबद्दलच बोलतेयस ना?”

“अर्थात पडद्याबद्दल, बाबा.”

काका दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी विचारलं, “नातवाला हवाय का, काका?” काका म्हणाले, “ट्रकला.” बाईंनी पुढे काही विचारलं नाही; गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते त्यांना कळत असावं. सत्तावीस इंची मॉनिटर ठरला. खोका घरी आला तेव्हा जिन्यात अध्यक्ष उभे होते.

“काका, राग मानू नका,” ते खाकरत म्हणाले. “पण असं कानावर आलंय की काकूंची वाहतूक कंपनी होती. गॅरेजं, ड्रायव्हर, सगळं. निवासी जागेत वाहतूक व्यवसाय करायचा तर समितीची परवानगी लागते.”

“अहो, ते खेळातलं आहे!”

“असेल. पण पत्ता इथलाच ना?”

“अहो, आत या आधी,” काकांच्या घरातून वहिनी ओरडल्या. “तो खोका उचलू लागा, मग नियम सांगा!” अध्यक्षांनी खोक्याचं दुसरं टोक धरलं, पण प्रश्न समितीपुढे राखून ठेवला.

खोका उघडला आणि काकांमधला निरीक्षक जागा झाला. हे होणारच होतं. त्यांनी कपाटातून खात्याची पोलादी टेप काढली आणि पडद्याची रुंदी मोजली. साडेतेवीस इंच. पुन्हा मोजली. साडेतेवीस. उंची मोजली, ती तर सांगण्यासारखीही नव्हती. खोक्यावर ठळक सत्तावीस! एवढी उघड लबाडी काकांनी भर बाजारातही पाहिली नव्हती. मेहुणा म्हणाला, “दाजी, जाऊ द्या ना, लावून तर बघू.” काका म्हणाले, “माप मारलेली वस्तू मी तुझ्या ताईच्या ट्रकला लावणार नाही.” मॉनिटर खोक्यात, खोका रिक्षात, आणि काका थेट आपल्या जुन्या कार्यालयात.

तिथे खिडकीवर त्यांनी तक्रार लिहून दिली, शिक्का मारून घेतला आणि मग ताठ मानेने साहेबांना भेटायला गेले. साहेब एकेकाळी काकांच्याच हाताखाली शिकलेला. तो उठून उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, पडदा तिरका मोजतात.”

“कोण मोजतं?”

“सगळेच. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.”

“कापड मोजतात का तिरकं? जमीन मोजतात? मग पडदा कोणत्या आनंदात तिरका मोजायचा?”

“ते मला नाही सांगता येणार, साहेब. पण तसंच आहे.”

काकांनी टेप काढली, तिरकी धरली. सत्तावीस भरले. मग टेप गुंडाळली आणि म्हणाले, “बरं. तक्रार मागे घेतो.”

साहेब खुर्चीत अवघडला. “ती आता आवक झालीय. आवक झालेली तक्रार मागे घेता येत नाही. वस्तू सील करून तपासणीला ठेवावी लागते.”

“हा मूर्ख नियम कोणी केला?”

साहेब छताकडे बघू लागला. मग काकांना आठवलं.

मॉनिटरला सुतळी बांधली, सुतळीवर लाख ओतली आणि त्याला जप्त केलेल्या तराजूंच्या शेजारी गोदामात ठेवलं. नेहमीची तपासणी असती तर लगेच झाली असती, पण खात्यात सगळी मापं सरळ घेतात. तिरकं माप घ्यायचं तर वरून मंजुरी हवी. वरच्यांनी विचारलं, तिरकं म्हणजे डावीकडून की उजवीकडून? त्याचा खुलासा गेला. दरम्यान काका रोज जाऊन गोदामाच्या जाळीतून मॉनिटर बघून येत. शिपाई त्यांना चहा देई आणि म्हणे, “बरा आहे हो तो. काळजी करू नका.”

मॉनिटर परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर खात्याचा पितळी शिक्का ठोकलेला होता: ‘तपासले. माप बरोबर.’ काकांना मनातून बरं वाटलं. असा मॉनिटर दुसऱ्या कोणाकडे नसणार.

मेहुण्याने तो जोडला. चित्र फाटलं.

“दाजी, आता मात्र दोष ट्रकचाच असणार.”

मुलीने फोनवरच्या चित्रातून कॉम्प्युटरची मागची बाजू बघितली आणि कपाळावर हात मारला. “मामा! केबल वरच्या भोकात घातलीस. खाली आडवी भोकं आहेत बघ, कार्डाची, तिथे घाल. आणि जुनी केबल नको, खोक्यातली नवी घे.” मेहुण्याने घातली. चित्र आता रुबाबात फाटलं.

“मॉनिटरच्याच मेन्यूत जा. मागच्या कोपऱ्यात, खाली, एक गुंडीसारखं बटण असेल.”

मेहुण्याने ते दाबलं, मग दाबून वळवलं, मग घाबरून पुन्हा दाबलं. मेन्यूची भाषा बदलली. कोणती झाली ते कोणालाच सांगता येईना; अक्षरं सगळी खुर्च्या उलट्या मांडल्यासारखी. अध्यक्ष आले, म्हणाले ही भाषा आपल्याला थोडी येते, आणि त्यांनी पडदा पूर्ण हिरवा करून दिला. वहिनींनी त्यांना बाजूला केलं. बराच वेळ उलट्या खुर्च्यांमधून वरखाली फिरल्यावर मुलगी ओरडली, “थांबा! हेच आहे ते! बंद दिसतंय. चालू करा.”

“बंद?” काका म्हणाले. “ज्यासाठी घेतला तेच बंद करून विकतात?”

“हो, बाबा.”

“म्हणजे तराजू द्यायचा आणि काटा खिळ्याने ठोकून द्यायचा! मी आत्ताच्या आत्ता तक्रार...”

“नको!” वहिनी, मेहुणा आणि फोनमधली मुलगी एकदम म्हणाले.

काकांनी बटण दाबलं. मग मुलीने कार्डाच्या सेटिंगमध्ये आणखी एक टिक करायला लावली, व्ही-सिंकची टिक काढायला लावली, आणि म्हणाली, “आता काढा आईचा ट्रक.”

निळा ट्रक पंपावरून हलला. खांब आले, गेले. एकही मोडला नाही. वळण आलं आणि चाकाबरोबर ट्रक वळला. रस्ता सलग, आभाळ सलग. काचेखाली बाहुला बसला होता, डोकं मानेवर नीट ठेवून, आणि प्रत्येक खड्ड्याला हो म्हणत होता. मेहुण्याने नाक ओढलं.

काका इतके सावकाश गेले की मागून येणाऱ्या खेळातल्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. एका चौकात काकांनीही वाजवला. भोंऽऽ. तोच तो. अध्यक्षांनी सवयीने खिडकीकडे बघितलं.

आणि गोदाम आलं. नुकसान: शून्य. आता ट्रक फिरवून मागे घ्यायचा, दाराला लावायचा, की संपलं.

काकांनी मागे घेतला. मागचा भाग डावीकडे हवा होता, तो उजवीकडे गेला. काकांनी चाक उलट फिरवलं, तर पुढचं आणि मागचं एकमेकांना काटकोनात भेटायला निघालं. “उलटं, दाजी, उलटं!” मेहुणा ओरडला. “म्हणजे सुलटं! म्हणजे आधी केलंत त्याच्या उलटं!” अध्यक्ष तरातरा उठले, टेबलामागे गेले आणि मॉनिटरच्या पाठीमागे उभे राहून हात हलवू लागले.

“येऊ द्या, येऊ द्या... जरा डावीकडे... येऊ द्या...”

“अहो, तिकडे काय उभे राहिलात?” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला ट्रक दिसतोय तरी का?”

“गाडी मागे घेताना माणूस मागेच उभा राहतो,” अध्यक्ष म्हणाले. “येऊ द्या... बास! बास! बाऽऽस!”

ट्रक भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला. मॉनिटरच्या मागून न बघता अध्यक्षांना ते कसं कळलं, यावर बिल्डिंगमध्ये आजही एकमत नाही. वायरमन खाली आले आणि मॉनिटरच्या उजव्या बाजूला उभे राहिले. काकांनी कपाळावरचा घाम पुसला, ट्रक पुढे घेतला, पुन्हा मागे घेतला. पुन्हा पुढे. काचा मागे शांत बसून होत्या.

“दाजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “हे बघा, इथे खाली लिहिलंय. हे दाबलं की ट्रक आपोआप लागतो. खेळच लावून देतो.” आणि त्याने बोट पुढे केलं.

काकांनी त्याचा हात धरला.

“तिने कधी दाबलं होतं?”

मेहुण्याने हात मागे घेतला. “ताईने? छे. ताई म्हणायची, एवढ्या लांब आणायचं आणि शेवटचं दुसऱ्याकडून करून घ्यायचं होय?”

“मग झालं तर,” काका म्हणाले, आणि ट्रक तिथेच उभा करून खेळ बंद केला. कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण घातलं. सगळ्यांना चहा केला. साखर त्यांनी अंदाजाने घातली. मेहुण्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं न करता कप संपवला.

आता काका स्वयंपाक होईल तेव्हा जेवतात. स्वयंपाक तेच करतात, त्यामुळे तो कधी होईल हे त्यांनाही सांगता येत नाही. जेवण झालं की आतल्या खोलीचं दार लोटून घेतात आणि लाल ट्रक काढतात. रिकामा मागे घेऊन बघतात. दुपारी केव्हातरी भोंऽऽ वाजतो. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जोडप्याने अध्यक्षांकडे तक्रार केली आहे. तिच्यावर मापकाकांनीही सही केली, आणि पाटीची अक्षरं अजून जरा मोठी हवीत असं सांगितलं.

निळा ट्रक गोदामासमोर उभा आहे. काचा सगळ्या शाबूत आहेत. मागे घ्यायचा तेवढा राहिला आहे.